वकीलसाहेबांच्या गाडीतला काटा

हिंगोलीत एका वकीलसाहेबांची मोटार मी कितीतरी वर्षं चालवली. त्या वेळी गावात मोटारी बोटांवर मोजण्याइतक्या होत्या, आणि ड्रायव्हरला लोक चहाच्या दुकानात बाकड्यावर जागा करून द्यायचे. रोज सकाळी वकीलसाहेब कोटाची बटणं लावत बाहेर यायचे आणि विचारायचे, "काय म्हणते रे गाडी?" मी बॉनेटवर हात ठेवून म्हणायचो, "खुश हाय साहेब." एवढं झालं की ते निर्धास्त बसायचे. बाईसाहेबांना गाडीतलं काही विचारायचं असलं तर त्याही मलाच विचारायच्या. गाडी त्यांची होती, पण तिचं दुखणंखुपणं फक्त मला कळायचं, असं सगळे धरून चालले होते. सगळ्यांत जास्त मी.

गाडीत चार्जिंग दाखवणारा एक काटा मुळातच होता, पण तो कधीचा मेलेला. माझं त्याच्यावाचून काही अडत नव्हतं. मग एका पावसाळ्यात दोनदा बॅटरी उतरली आणि दोन्ही वेळा वकीलसाहेबांची तारीख चुकली. त्याच सुमारास आमच्या आळीतल्या कलईवाल्याचा मुलगा लढाईवरून परत आला होता. तो फौजेच्या कारखान्यात पाच वर्षं मोटारींचं विजेचं काम करून आला होता. लहानपणी आम्ही दोघं एकाच ओढ्यात पोहायचो. आता लोक त्याला मिस्त्री म्हणायला लागले होते. वकीलसाहेबांनी त्याला बोलावून घेतलं.

तो आला तो हातात एक गोल डबी घेऊन. पितळी कडा, वर काच, आत पांढऱ्या तबकडीवर शून्यापासून दहापर्यंत आकडे. फौजेच्या मोडीत निघालेला व्होल्टचा काटा होता तो. वकीलसाहेबांनी तो हातात घेऊन उलटसुलट पाहिला.

"बसवाल का तुमी हा आमच्या गाडीत?" त्यांनी विचारलं.

मी तिथंच पुसायचं फडकं घेऊन उभा होतो. 'तुमी' म्हणाले ते त्याला. मला तोवरच्या नऊ वर्षांत एकदाही 'तू'शिवाय हाक मिळाली नव्हती, आणि त्याचं मला कधी काही वाटलंही नव्हतं. त्या दिवशी वाटलं.

मिस्त्रीनं अंगणात कडुनिंबाखाली गाडी घ्यायला लावली. आधी बॅटरीची तार सोडली. डॅशबोर्डखाली एक पत्र्याची पट्टी बसवून तीत डबी अडकवली. एक तार त्यानं किल्लीच्या स्विचवर नेली, म्हणजे किल्ली फिरवल्यावरच काटा जागा व्हावा. मधे एक फ्यूज घातला. दुसरी तार गाडीच्या अंगाला, म्हणजे लोखंडाला जोडायची होती. त्यासाठी त्यानं कानशीनं थोडा रंग खरवडला. नऊ वर्षं मी ज्या गाडीवर ओरखडा येऊ दिला नव्हता, तिचा रंग तो माझ्यादेखत खरवडत होता. काम करताना तो मान वाकडी करून, एका बाजूनं बघायचा. मला ती ऐट वाटली.

सगळं जोडून झाल्यावर त्यानं बॅटरीची तार परत लावली आणि मला म्हणाला, "लाव किल्ली."

मी लावली. काटा थरथरला आणि शून्याच्याही मागं जाऊन खिळ्याला टेकला. वकीलसाहेबांचा चेहरा पडला. मला मनातून जो आनंद झाला, तो सांगायची आज लाज वाटते.

मिस्त्री हसला. "ह्या गाडीचा कारभार उलटा हाय साहेब. काहींचं असतंय असं." त्यानं डबीमागच्या दोन तारांची अदलाबदल केली. काटा बराबर सहावर जाऊन उभा राहिला. मी इंजिन चालू केलं तसा तो हळूहळू सातच्या जवळ चढला.

"बघा," तो म्हणाला, "गाडी चालू असताना सहाच्या खाली आला, तर समजायचं डायनमो बॅटरीला काई देऊन राहिला न्हाई. मग गाडी बंद करू नका, सरळ घर गाठा." निघण्याआधी त्यानं खरवडलेल्या जागेवर तार धरणाऱ्या नटावर लाल लाखेचा एक थेंब सोडला. फौजेची सवय, म्हणाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी वकीलसाहेब बाहेर आले, गाडीत बसले आणि वाकून काट्याकडे पाहायला लागले. मी बॉनेटवर हात ठेवून उभा होतो. त्यांनी मला काही विचारलं नाही. त्या दिवशी नाही आणि त्यानंतरही नाही.

घरी मी बायकोसमोर धुसफुसलो. ती भाकरी थापता थापता म्हणाली, "काहून इतकं जीवाला लावून घेता? काटा का तुमची सवत हाय?" मी ताटावरून उठून गेलो.

महिनाभरानं आम्ही वसमतच्या कोर्टात निघालो. औंढ्याच्या पुढं वकीलसाहेब म्हणाले, "अरे, काटा सहाच्या खाली येऊन राहिला."

"इंजिनाचा आवाज बराबर हाय साहेब," मी म्हणालो. "काट्यालाच काई तरी झालं असंल. मोडीतला माल तो."

वसमतला मी गाडी कोर्टासमोर बंद केली. दुपारी निघायच्या वेळी ती हूं की चूं करीना. हँडल मारून मारून माझे हात सोलले. शेवटी चार पक्षकारांनी गाडी ढकलली. वकीलसाहेब कोट घालून उन्हात उभे होते आणि दुसरे वकील व्हरांड्यातून बघत होते. घरी आल्यावर मिस्त्रीनं फॅनच्या पट्ट्यावर अंगठा दाबला. पट्टा दोन बोटं आत गेला. "पट्टा ढिला झाला साहेब. डायनमो फिरतच नव्हता नीट." पाच मिनिटांचं काम. वकीलसाहेब मला रागावले नाहीत. फक्त म्हणाले, "काटा सांगत होता रे."

रागावले असते तर बरं झालं असतं. पुढच्या सोमवारी गाडी धुताना मी डॅशबोर्डखाली हात घातला आणि तो लाखेचा नट पान्यानं दोन फेरे सैल केला.

त्याच दिवशी कयाधूच्या पुलाजवळ काटा नाचायला लागला आणि मग शून्यावर पडून राहिला. वकीलसाहेबांनी गाडी मागं वळवायला लावली. मिस्त्रीला मीच आणायला गेलो. तो डॅशबोर्डखाली शिरला, मान वाकडी करून बराच वेळ बघत राहिला. बाहेर आला तेव्हा त्याच्या बोटाला फुटलेल्या लाखेची पूड लागली होती; नटाला पाना लावल्याशिवाय ती फुटत नसते. त्यानं एकदाच माझ्याकडं पाहिलं.

"काय झालं होतं?" वकीलसाहेबांनी विचारलं.

"चुकी माझी साहेब. नट कसायचा राहून गेला होता."

"तुमच्यासारख्यानं असं करावं?" वकीलसाहेब नाराजीनं म्हणाले आणि आत गेले.

मला हवं होतं ते झालं होतं. तरी त्याला गाडीतून घरी सोडायला निघालो तेव्हा बरं वाटेना. मला वाटलं, ह्यानं मला दोन शिव्या द्याव्यात. निदान मग त्याचा राग तरी करता आला असता.  शेवटी मीच म्हणालो, "सांगितलं काहून न्हाईस?"

"तुझी नौकरी गेली असती," तो म्हणाला. मग समोर बघतच, "तुझ्या ह्या ड्रायव्हरच्या सीटवर कुणी बसून राहिलं की माझ्या पोटात आग पडते. तुला बघून लई पडते."

मला कळेना. त्यानं माझ्याकडं पूर्ण तोंड वळवलं आणि डावा डोळा दाखवला. त्यावर पांढुरकी झाक होती. बॅटरीचं तेजाब उडालं होतं, लढाईच्या दुसऱ्या वर्षी. "शेकड्यानं गाड्या दुरुस्त केल्या मी. आवारात मागं-पुढं केल्या तेवढंच, रस्त्यावर एक बी चालवली न्हाई. एका डोळ्याच्या माणसाला चालवायचं लायसन कोण देतो?"

मी गाडी त्याच्या घराकडं वळवली नाही. नरसीच्या रस्त्याला घेतली. गावाबाहेर सरळ रस्ता लागल्यावर थांबलो, खाली उतरलो आणि त्याला म्हणालो, "सरक इकडं."

तो स्टेअरिंगला आधी नुसता हात लावून बसला. मग क्लच सोडला. दोन झटके खाऊन गाडी निघाली. ज्वारीच्या शेतातल्या बाया वाकल्या होत्या त्या सरळ होऊन बघायला लागल्या. मैलभर त्यानं गाडी अशी नेली की माझाही हात तितका हलका नव्हता. तो लहान पोरासारखा हसत होता. मला त्याच्यासाठी बरं वाटत होतं, आणि त्याच वेळी मनात येत होतं, हे सुद्धा ह्याला माझ्यापेक्षा चांगलं जमतं.

त्यानंतर आमची गट्टी झाली असं मी म्हणणार नाही. भेटलो की बोलायचो. पट्टा कसा बघायचा, बॅटरीत पाणी किती ठेवायचं, हे त्यानं मला शिकवलं आणि मी शिकून घेतलं. दीडेक वर्षानं तो हैदराबादला एका मोठ्या मोटार कारखान्यात कामाला गेला. वकीलसाहेबांना नटाचं खरं मी कधीच सांगितलं नाही. रोज सांगायचं ठरवायचो आणि गाडी सुरू करायचो. ते वारले तेव्हा, मिस्त्री हुशार होता पण थोडा धांदरट, हेच त्यांचं मत होतं. ते मत माझ्यामुळं होतं, आणि ते माझ्या सोयीचंही होतं.

पुढं कुणीतरी सांगितलं की तो हैदराबादेत मुख्य मिस्त्री झाला, त्याच्या हाताखाली तीस माणसं आहेत. मी म्हणालो, "लई चांगलं झालं." मनापासून म्हणालो. पण ते म्हणायच्या आधी क्षणभर मी ओठ मिटून घेतले होते, आणि सांगणाऱ्याला ते दिसलं असावं.