समुद्रगायीचं तिकीट

३ फेब्रुवारीला तिकीटमास्तरांनी एका तिकिटासाठी चार हजार तीनशे पंच्याहत्तर रुपये मोजले आणि घरी मात्र "स्वस्तात मिळालं" एवढंच सांगितलं. तिकीट पोस्टाचं, करंगळीच्या दोन पेरांएवढं. त्यावर समुद्रगाय: थोराड, सुरकुतलेली, तोंडात गवत. आपल्या समुद्रातल्या प्राण्यांच्या मालिकेतलं हे सहावं आणि शेवटचं. कासव, समुद्रघोडा, डॉल्फिन, खेकडा आणि जेलीफिश त्यांच्याकडे कधीचे होते. ही बाई काही केल्या सापडत नव्हती.

मास्तर म्हणजे शिक्षक नव्हेत, दवाखान्यातले कंपाउंडर. पुड्या बांधता बांधता पेशंटकडून पाकिटांवरची तिकिटं मागून घ्यायचे, म्हणून हे नाव. आयुष्यात कुठलं बक्षीस मिळालं नव्हतं. तिकिटांच्या प्रदर्शनात कोरी, मागचा गोंद शाबूत असलेली पूर्ण मालिका लावायची आणि एकदा तरी आपल्या नावाची पाटी बघायची, हा एकच हट्ट त्यांनी धरला होता. यंदा प्रवेशही मिळाला.

प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी ते दवाखान्यातून घरी आले, तर टेबलावर सहाही तिकिटं चकचकीत प्लॅस्टिकमध्ये बंद. शेजारी धाकटा भाऊ हसत उभा. कोपऱ्यावरचं झेरॉक्सचं दुकान त्याचं.

"कपाटाला ओल आली होती," बायको म्हणाली, "म्हणून मीच भाऊजींकडे दिली."

"सगळ्यात जाड प्लॅस्टिक घातलंय, दादा. आता बादलीत बुडव, काही होणार नाही!"

"गाढवा, गरम मशीनमधून काढलीस? गोंद गेला सगळा! आता रद्दीवाला तरी घेईल का ही?"

मास्तरांनी ब्लेडने एक कोपरा उचकटला. समुद्रघोड्याचं चित्र प्लॅस्टिकला चिकटून वर आलं, खाली नुसता पांढरा कागद राहिला. मग मात्र त्यांचा तोल सुटला.

"आधी स्वतःचं डोकं लॅमिनेट करून घे! असेल नसेल ते तरी टिकेल!"

"अहो, हळू. शेजारी ऐकतील."

"ऐकू देत!"

धाकट्याचं हसू मावळलं. "लहानपणापासून 'हात लावू नकोस', 'लांब हो', याशिवाय या तिकिटांबद्दल माझ्याशी एक शब्द तरी बोललास? गोंद महत्त्वाचा असतो हे मला काय स्वप्नात कळणार होतं? वहिनीला तरी सांगितलंस कधी?"

हे खरं होतं, म्हणून मास्तर आणखीच भडकले. "चालता हो!"

"जातो. वहिनीकडून पैसे घेणार नव्हतो, आता घेणार. तीस रुपये. दुकानात आणून द्यायचे."

दुसऱ्या दिवशी प्रदर्शनात मास्तरांच्या नावाची पाटी लावून चौकट रिकामी ठेवलेली होती.

"आणलीत ना मालिका?" संयोजकाने विचारलं.

"पाटी काढा."

"का हो, काय झालं?"

"समुद्रात गेली!" मास्तर खेकसले आणि मागे न बघता बाहेर पडले. दुपारी त्या चौकटीत कुणाची तरी फुलपाखरं लागली.

तेव्हापासून दवाखान्याच्या कागदांच्या झेरॉक्सही मास्तर दोन गल्ल्या पलीकडून काढून आणतात. बायकोने एकदा पैसे देऊन टाकायची गोष्ट काढली, तर ताट सरकवून उठले. धाकटाही मागायला येत नाही.

लॅमिनेशनचे तीस रुपये अजून द्यायचे आहेत.