पदराखालचं कोडं

माझ्या धाकट्या बहिणीने मला फसवलं आणि त्यात आमच्या आईने तिला साथ दिली. राग येऊन गेला, भांडण होऊन गेलं, आता जे घडलं ते सरळ सांगते.

साताऱ्यात माझं भांड्यांचं दुकान आहे. आठवडी बाजारात पोतं अंथरून बसण्यापासून सुरुवात केली आणि स्वतःच्या शटरपर्यंत आले. घासाघिशीत मला हरवणारा अजून भेटायचा आहे. घाऊक व्यापारी मी दारात दिसले की आधी चहा सांगतात, म्हणजे माझा आवाज चढायच्या आत काहीतरी पोटात जावं. बहीण मिरजेत असते. आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन तिकडे झालं, त्यामुळे ती थोडे दिवस म्हणून बहिणीकडे राहिली, आणि ते थोडे दिवस काही संपेनात. या दिवाळीला तरी आई माझ्याकडे यावी, एवढंच मला हवं होतं. बहीण सोडायला तयार नव्हती.

आता कोड्यांचं सांगते. माझ्या मुलीच्या मोबाईलवर एक खेळ होता. चौकटीत चार ओळींत सोळा शब्द, त्यातून एकमेकांशी नातं असलेल्या चार-चार शब्दांचे गट पाडायचे. शब्द सगळे इंग्रजी. दुसऱ्याच्या दुकानातला माल मी कशाला मांडत बसू? मी वहीतला कागद फाडला आणि आपल्या माणसांची कोडी बनवायला लागले.

पहिलं कोडं मंडईतल्या मैत्रिणीच्या वाढदिवसाला केलं. तिचा नवरा खात नाही त्या चार भाज्या, तिने अर्धवट सोडलेले चार क्लास, तिने नवस बोललेले चार देव आणि ती ज्यांच्याशी बोलत नाही अशा चार जावा. ती इतकी हसली की गिऱ्हाईक ताटकळलं. मग जो तो मागायला लागला. दिरांना त्यांच्या निवृत्तीला दिलं, डॉक्टरीणबाईंना त्यांच्या नव्या घराला दिलं. यातली खरी गंमत एकच: एक शब्द दोन गटांत बसेल असा ठेवायचा. माणूस तिथे हमखास पाय घसरून पडतो, आणि आपण समोर बसून चहा पीत बघायचं.

तर आईवरून फोनवर आमची जुंपली होती, तेव्हा बहीणच म्हणाली, "आक्का, एवढी हुशारी हाय तर कोडं घाल. सोडवलं तर आई हितंच. न्हाई सुटलं तर तू घेऊन जा."

"एकपण चूक चालणार नाही."

"न्हाई चालली तर न्हाई."

"आणि आईने तोंडातून शब्द काढायचा नाही. एकसुद्धा नाही."

"कबूल. आईला विचार."

मागून आईचा आवाज आला, "मी कशाला बोलू? मी बसते गप."

तीन दिवस मी त्या कोड्यावर बसले. दुकानात गिऱ्हाईक कुकर दाखवा म्हणे आणि मी कढई काढून देई. पण माल तयार झाला तो असा. आई एसटीतून चुकून उतरली ती गावं: विटा, कराड, पलूस, कुंडल. लहानपणी ती आमच्यापासून खाऊ लपवायची त्या जागा: ट्रंक, गोधडी, शिलाई मशीन, पिठाचा डबा. मी रागात फेकलेल्या वस्तू: लाटणं, छत्री, रिमोट, पंचांग. आणि शेवटचा गट: चाळणी, किसणी, झारा, पोळपाट. आटपाडीच्या बाजारात मी पहिल्यांदा दुकान मांडलं, तेव्हा संध्याकाळी हाच माल उरला होता आणि आई न् मी तो डोक्यावरून परत आणला होता. बहीण तेव्हा शेजारणीकडे झोपली होती. तिला यातलं काही ठाऊक नाही. आता चौकट बघा: स्वयंपाकघरात शोभतील असे सहा शब्द, गटात जागा चार. नवऱ्याला दाखवलं. तो म्हणाला, "हा अन्याय आहे." मी समजले, कोडं जमलं.

रविवारी दुपारी नवरा आणि मी दुकानामागच्या खोलीत बसलो आणि व्हिडिओ कॉल लागला. बहिणीने मोबाईल तांब्याला टेकवून ठेवला होता. शेजारी आई, पाय पसरून, पदर मांडीवर. मी पाठवलेली चौकट मोठ्या अक्षरांत छापून त्यांच्या पुढ्यात. बहिणीने सोळा शब्द मोठ्याने वाचले. गावं पटकन काढली, त्यावर आई लाजून हसली. मग बहीण अडकली.

"लाटणं, चाळणी, झारा…" ती पुटपुटली.

"घे की," मी म्हटलं. "सोपं तर आहे."

"तू सोपं म्हणतीस म्हंजे लय अवघड असणार."

ती आढ्याकडे बघत राहिली. आई समोर बघत होती, चेहऱ्यावर रेष हलत नव्हती. माझं सगळं लक्ष बहिणीच्या तोंडाकडे. मग ती सावकाश, एकेक शब्द तोलत म्हणाली, "चाळणी. किसणी. झारा. पोळपाट."

मी चहाचा कप खाली ठेवला. पुढचे आठ शब्द तिने भराभरा लावले. कोडं सुटलं. आणि तेवढ्यात आईने पदराखालून उजवा हात बाहेर काढून झटकला. पाठोपाठ त्याच पदराखालून बहिणीचा हात निघाला.

मी तो झटका ओळखला. आटपाडीला शेळ्या-मेंढ्यांच्या बाजारात सौदा बोलून होत नाही. दोघे उपरण्याखाली हात घालतात, बोटं दाबून आकडा सांगतात, बाजूच्याला पत्ता लागत नाही. पटलं की हात काढून असाच झटकायचा. आमच्या आईचे वडील मेंढरंवाले. आईचं लहानपण त्या बाजारात गेलं. तिने एकदा बोटं दाबून ओळ सांगितली, एकदा दाबून त्या ओळीतली जागा. असे चार शब्द.

"चोरट्यांनो!" मी एवढ्याने ओरडले की दुकानातला पोऱ्या आत डोकावला. "आई, तू शब्द दिला होतास!"

"व्हय, दिला," आई म्हणाली. "काढला का तोंडातनं एक तरी शब्द?"

बहीण हसून हसून तांब्यावर कलंडली, त्यामुळे मला बराच वेळ त्यांचं छतच दिसलं. नवरा शेजारून म्हणाला, "अगं, अट तूच घातलीस. हाताचं काही बोलली नव्हतीस." त्याच्याशी मी संध्याकाळपर्यंत बोलले नाही.

ठरलं ते ठरलं. मी व्यापारी आहे, दिलेला शब्द फिरवत नाही. आई मिरजेतच राहील आणि दिवाळीला मीच दुकान बंद करून, नवरा, मुलगी, भाजणी, सगळं घेऊन तिकडे जाईन. कोड्यात हरले याचं मला तितकं काही नाही.

माझी तक्रार वेगळी आहे. बाजारात उभी राहिले तेव्हा मी आईला कितीदा म्हटलं, ती बोटांची भाषा मला शिकव. "बायकांनी त्यात पडू नये," म्हणाली. मी दलालांच्या मागे उभी राहून, त्यांचे खांदे आणि मनगटं बघून ती उचलली. त्या दिवशी फोनवर विचारलं, तर कळलं की धाकटीला आईने गेल्या उन्हाळ्यात शिकवली, शेंगा फोडता फोडता, करमणूक म्हणून. मग मला का नाही? तर म्हणे, "तुला कशाला शिकवायची? तुला न शिकवताच सगळं येतंय."

हे उत्तर मी घेणार नाही. पाडव्याला सगळे फराळाला बसतील, तेव्हा आईने सर्वांदेखत मला सांगायचं, थोरलीला का नाही शिकवलं. या वेळी तोंडाने सांगायचं, आणि दोन्ही हात पदराबाहेर ठेवून.