दाण्यांत खंड नाही

श्रीमती आइली मार्गारेता कोर्पेला (१९३१–२०१४) या उत्तरेकडच्या आमच्या कूसामो गावी टपाल खात्यातून निवृत्त झाल्या होत्या. हिवाळ्यात पाखरांना एकदा दाणे घालू लागल्यावर बर्फ वितळेपर्यंत खंड पाडायचा नाही, हा आमच्याकडील नियम त्यांनी चाळीसहून अधिक वर्षे पाळला. कारण त्या दाण्यांवर विसंबलेली पाखरे उणे तीस अंशांत एक दिवसही उपाशी तग धरू शकत नाहीत.

एका जानेवारीत अंगणात घसरून त्यांच्या खुब्याचे हाड मोडले. रुग्णवाहिका आली, तरी बाई हलेनात.

"आधी पाखरांची सोय, मग माझी!"

शेजारचे उर्हो लेहतोला म्हणाले, "मी घालतो दाणे. जा तू."

"तू? तुझी न्याहारीच दुपारी होते!"

"उद्यापासून लवकर उठेन. मग तर झालं?"

"आणि पाखरांना टोचायला फांदीवर चरबी टांगशील ती बिनमिठाची, मीठ त्यांना बाधतं. खारवलेली दिसली, तर तुलाच टांगेन!"

एवढे बजावूनच त्या रुग्णालयात गेल्या.

सहा आठवड्यांनी त्या कुबड्या घेऊन परतल्या, तेव्हा अंगणात पाखरांचा नुसता कलकलाट होता आणि दोन पाखरे उर्होंच्या लोकरी टोपीवर बसली होती.

"चाळीस वर्षांत माझ्या डोक्यावर एक बसलं नाही, मेल्या!" असे म्हणून बाई डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या.

पुढे सकाळचे दाणे उर्होंनी आणि दुपारचे बाईंनी घालावेत असे ठरले, व ते बाईंच्या अखेरच्या हिवाळ्यापर्यंत चालले. उर्होंनी काम चोख केले, हे मात्र बाईंनी कधीच कबूल केले नाही. तेवढे देणे राहून गेले.