तिन्हीकडे दिसणारे कप्पे

कंपनीत सम्राट ओव्हाळला ओव्हाळ कुणी म्हणत नसे आणि सम्राट म्हणणारे तर त्याहून थोडे. सगळे त्याला ‘फोल्डर’ म्हणत. फोल्डरला विचार, फोल्डर आलाय का, फोल्डर जेवायला गेलाय. नाव चिडवायला पडलं होतं, पण बारा वर्षांत ते अंगात मुरलं, आणि खरं सांगायचं तर त्याला ते आवडायचंसुद्धा. ज्याच्यावाचून चार लोकांचं अडतं त्यालाच असं नाव मिळतं, असा त्याचा समज होता. बिचाऱ्याचे असे पुष्कळ समज होते.

माणूस यवतचा. वडील कोंडिबा दौंडला एका कचेरीत शिपाई होते. फायली या टेबलावरून त्या टेबलावर नेण्यात त्यांचा जन्म गेला, पण कुठली फाईल कुठल्या कपाटात आहे हे साहेबांना नाही, कोंडिबांना विचारावं लागे. पोराला ते एकच सांगायचे, “कागद जपावा बाळा. कागद जात इचारत न्हाई.” पोराने ते मनावर घेतलं. कागदाचे दिवस संपून मेलचे आले, तर त्याने मेल जपले.

कुरकुंभच्या एमआयडीसीतली ही कंपनी पंपाचे सुटे भाग करायची. सम्राट गिऱ्हाइकांच्या तक्रारींच्या खात्यात होता, तोही कॉन्ट्रॅक्टवर. त्या काळी खात्याचा सगळा मेल एकाच कॉम्प्युटरवर येऊन पडायचा. उतरला की सर्व्हरवरून पुसला जायचा, म्हणजे जे काय होतं ते त्या एका डब्यात. सम्राटने त्याचे कप्पे पाडले. प्रत्येक गिऱ्हाइकाचा एक, त्यात वर्षाचा एक, आणि त्यात आणखी तीन: आलं, दिलं, मिटलं. कॉम्प्युटर नावं आपल्या मनाने लावतो, म्हणून त्याने प्रत्येक कप्प्याच्या आधी आकडा घातला. मोठं गिऱ्हाईक एक नंबरला, कटकटीचं दोनला. तीन वर्षांपूर्वीची कुठलीही तक्रार तो अर्ध्या मिनिटात काढून द्यायचा. बायको मायाचं बाळंतपण होतं तेव्हा दवाखान्याच्या व्हरांड्यात त्याला अकरा फोन आले. “सातवा कप्पा, आतला तिसरा,” असं सांगता सांगता मुलगी झाल्याचं त्याला नर्सकडून दुसऱ्यांदा ऐकावं लागलं.

खातेप्रमुख होते हौसराव जगदाळे, गाव कवठे येमाई. त्यांना स्वतःला मेल लिहायला कंटाळा. ते बोलायचे आणि सम्राट टाइप करायचा. मोजके काही मेल मात्र ते दोन बोटांनी स्वतः लिहायचे, आणि त्यांच्यासाठी ‘खासगी’ नावाचा एक कप्पा सम्राटनेच त्यांच्या केबिनमधल्या मशीनवर करून दिला होता. त्या मशीनचा पासवर्ड त्याला पाठ होता. पण तो कप्पा त्याने कधी उघडला नाही. उघडावासाही वाटला नाही, एवढा त्या माणसावर जीव. मुलीच्या बारशाला साहेब यवतला आले, सम्राटच्या वस्तीत खाली सतरंजीवर बसून जेवले, याचं कौतुक ओव्हाळांच्या घरात वर्षभर पुरलं.

सम्राटला हवी होती एकच गोष्ट, पर्मनंट व्हायची. पर्मनंट माणसाचं कार्ड निळं, कॉन्ट्रॅक्टवाल्याचं पिवळं. कंपनीची बस यवतवरूनच जायची, पण तिच्यात निळ्या कार्डाचीच माणसं बसायची. सम्राट तिथेच हायवेला एसटीची वाट बघत उभा, आणि बस त्याच्या नाकासमोरून अर्धी रिकामी जायची. आतून कुणी तरी हात करायचं. तोही करायचा. बारा वर्षं हात करून त्याचा खांदा कसा दुखला नाही, कोण जाणे.

दोन हजार एकोणीस साली खात्यातून एक नाव पर्मनंटसाठी मागवलं होतं. झाला हृतिक, जगदाळ्यांच्या साडूचा मुलगा. जगदाळ्यांनी सम्राटच्या खांद्यावर हात ठेवून सांगितलं, “तुझंच नाव धाडलं व्हतं रं. वरच्यांनी कापलं. आपला इलाज न्हाई.” सम्राटने ते खरं मानलं. साहेबांच्या निवृत्तीला शाल त्यानेच पुण्याहून निवडून आणली.

पुढे कंपनीचा मेल बदलला. आता तो कॉम्प्युटरवर, वेबवर आणि मोबाइलवर असा तिन्हीकडे बघता येणार होता. नव्या प्रमुख शितल मॅडम. त्यांनी दिवाळीनंतर सम्राटला बोलावलं. “जुने सगळे कप्पे नव्या मेलमध्ये आणायचे. मला माझ्या फोनवर दिसले पाहिजेत, सगळ्यांना दिसले पाहिजेत. एवढं करा, मग तुमचं पर्मनंटचं आपण बघू.”

घरी सांगितल्यावर मायाने हातातलं पीठ झटकलं. “म्हंजी तुमच्यावाचून आडत व्हतं, ते आता आडायचं न्हाई, आसंच ना? आपल्याच हातानं पायावर धोंडा पाडून घेताय.”

“मॅडमनी शब्द दिलाय.”

“बघू म्हणल्या. बघू म्हंजी शब्द न्हवं.”

सम्राट हसला. शहाण्या बायकोकडे हसून बघायची आपल्याकडे पद्धतच आहे.

पहिल्या आठवड्यात तो स्वतःच फसला. नवे कप्पे पाडले, जुने मेल ओढून त्यात टाकले, आणि मॅडमच्या फोनवर काहीच नाही. “मला तर रिकामं दिसतंय,” मॅडम म्हणाल्या. तेव्हा त्याला उमगलं की पडद्याच्या डाव्या बाजूला याद्या दोन असतात. एक त्या कॉम्प्युटरची स्वतःची, एक मेलच्या खात्याची. पहिलीत केलेला कप्पा त्या डब्याबाहेर पडत नाही. दुसरीत केलेला तिन्हीकडे दिसतो. आपोआप मेल वळवायचे नियमही कॉम्प्युटरवर घातले तर तो बंद असताना ते चालत नाहीत, म्हणून तेही त्याने वेबवर घातले. मग तो झपाटल्यासारखा कामाला लागला. कप्पे खात्यात न्यायचे, नेट रेंगाळलं की थांबायचं, दोन्हीकडचे आकडे जुळले की वहीत खूण करायची. एकेकाच्या खुर्चीशेजारी उभं राहून त्याने मोबाइलवर तीन रेघा कुठे दाबायच्या, लागणारा कप्पा चांदणी लावून वर कसा ठेवायचा, हे शिकवलं. दुसऱ्या खात्यात गेलेल्या हृतिकला तर चारदा.

फेब्रुवारीत शेवटचं मशीन राहिलं, जगदाळ्यांच्या केबिनमधलं. मॅडमचा हुकूम सगळे कप्पे नेण्याचा होता. ‘खासगी’ही त्याने न उघडता ओढला आणि चहाला गेला. परत येऊन बघतो तर गाडं एकशे बारावर अडकलेलं. एक मेल जाईना, जोडलेली फाईल फार मोठी होती. कुठला मेल ते बघायला कप्पा उघडावा लागला, आणि विषयाच्या ओळीत त्याला स्वतःचं नाव दिसलं.

मेल एकोणीस सालचा, दोन बोटांनी लिहिलेला. ‘ओव्हाळ कामाचा माणूस आहे. पण पर्मनंट केला तर नियमाने दुसऱ्या खात्यात द्यावा लागेल, मग इथले मेल कोण शोधणार? आहे तसाच कॉन्ट्रॅक्टवर राहू द्यावा. तो कुठे जात नाही. हृतिकचं नाव पाठवत आहे, सर्टिफिकेटं जोडली आहेत.’ अडकली होती ती हृतिकची सर्टिफिकेटं.

सम्राटने तो मेल तीनदा वाचला. त्याला वरच्यांनी कापलं नव्हतं, तो वरपर्यंत गेलाच नव्हता. आणि ज्या कामाच्या जोरावर निळं कार्ड मिळेल म्हणून तो राबला, त्याच कामाने त्याला पिवळ्या कार्डाला बांधून ठेवलं होतं. तो मेल पुसून टाकणं हातात होतं. पण आकडा जुळला नसता. त्याने सर्टिफिकेटं वेगळी करून मेल हलका केला, वर चढवला आणि वहीत खूण केली. असला प्रामाणिकपणा बघितला की मला त्याचाच राग येतो.

संध्याकाळी हायवेवर उतरून त्याने खिशातला मोबाइल काढला. ‘खासगी’ उघडला. मेल तिथेही आला होता. काम चोख झालं होतं.

मार्च संपत आला तेव्हा कॉन्ट्रॅक्टरच्या सुपरवायझरने त्याला गेटवर गाठलं. “एक तारखेपासून येऊ नको. मॅडमचा निरोप हाय.”

तो मॅडमकडे गेला. त्या काही वाईट बोलल्या नाहीत, उलट उठून उभ्या राहिल्या. “तुम्ही काम इतकं सुंदर केलंत ओव्हाळ, की आता त्यासाठी वेगळा माणूस लागतच नाही.” हे त्यांना मनापासून कौतुकाचं वाटत होतं. गरज सरो, वैद्य मरो, एवढंच. पण इथे वैद्याला त्याच्याच औषधाने मारलं. अडत होतं तेव्हा अडतं म्हणून पर्मनंट नाही, आणि अडेनासं झालं तेव्हा अडत नाही म्हणून घरी.

एक तारखेच्या आधीच्या रविवारी सम्राट मोटारसायकल काढून राहू, न्हावरे, शिरूर करत कवठे येमाईला गेला. मायाने विचारलं, “जाऊन काय मिळणार?” त्या माणसाने एकदा ‘चुकलं’ म्हणावं, एवढंच त्याला हवं होतं, आणि एवढ्यासाठी इतकं लांब जायची लाज वाटत होती.

जगदाळ्यांनी हसतमुखाने घरात घेतलं. पाणी झालं, चहा झाला. मग सम्राटने विचारलं, “साहेब, एकोणीस साली माझं नाव वर गेलं व्हतं का?”

“गेलं व्हतं की. वरच्यांनी कापलं. किती येळा सांगितलं तुला.”

सम्राटने मोबाइल उघडून त्यांच्या पुढ्यात ठेवला. जगदाळ्यांनी चष्मा लावून सावकाश वाचलं.

“हे तुला कुठं घावलं? हे तर माझ्या मशीनवर व्हतं.”

“आता तिन्हीकडं दिसतंय, साहेब.”

तोंड पडेल, नजर चुकवतील, असं सम्राटला वाटलं होतं. तसं काही झालं नाही. जगदाळ्यांनी चष्मा काढला आणि मोबाइल परत दिला. “मंग नीट वाच की. कामाचा माणूस म्हणलंय मी तुला. तुझ्याबिगर आमचं चालत न्हाई, आसंच लिवलंय. यापरीस मोठं सर्टिफिकेट कोण दील?” आणि तेवढ्याच सहजपणे त्यांनी स्वतःचा मोबाइल पुढे केला. “बरा आलायस. ह्ये बघ, पेन्शनचं, गॅसचं, बँकेचं समदं एका ढिगात पडतंय. जरा कप्पे पाडून दे.”

सम्राटच्या हाताने तो मोबाइल घेतला. अंगठ्याने तीन रेघा दाबल्या, नवा कप्पा पाडला, ‘१ बँक’ असं नावही घातलं. मग तो थांबला. मोबाइल त्याने टीपॉयवर ठेवला.

“माझ्यानं न्हाई व्हायचं, साहेब.”

तो उठून पडवीत आला आणि बूट घालायला वाकला. आतून जगदाळ्यांचा आवाज आला. बायकोला सांगत होते, आवाज खाली करायची गरजही त्यांना वाटली नव्हती. “बघितलंस? नऊ वरसं पोरावानी सांभाळला. घरी जाऊन जेवलो त्याच्या. दहा मिनटाचं काम सांगितलं तर म्हणतोय न्हाई व्हायचं. ह्या लोकान्ला कितीबी करा.”

बुटाची नाडी हातात तशीच राहिली. क्षणभर सम्राटला वाटलं, आत जावं, मोबाइल मागून घ्यावा आणि सगळे कप्पे पाडून द्यावेत, म्हणजे तसं म्हणायला त्यांना तोंड राहणार नाही. आणि आपल्याला असं वाटलं, याचाच त्याला जगदाळ्यांपेक्षा जास्त राग आला.