पाउलियासीचा न भाजणारा पाय

हापाईच्या बेटांवर कुजबुज होती, की पाउलियासीचा पाय आगीत जळत नाही. कुणी म्हणे देवाचा हात, कुणी म्हणे सैतानाशी सौदा. झालं होतं असं, की रविवारच्या जेवणासाठी जमिनीतली भट्टी लावताना एक तापलेला दगड घरंगळून बाहेर आला, आणि हा गडी त्यावर पाय रोवून निवांत गप्पा मारत उभा. शेवटी शेजाऱ्यानं ओरडून ढकललं.

"अरे, पाय आहे की नांगर?"

"देवानं दिलाय," पाउलियासी म्हणाला. तळवा त्यानं बघितलाही नाही. कौतुक ऐकायला कोणाला आवडत नाही?

तसा माणूस कष्टाळू. रोज खडकांत बुडी मारून उत्तम मासा काढी. मासा बर्फाच्या पेटीत, पेटी व्यापाऱ्याच्या बोटीत, बोट शहराकडे. घरी शिजे ते दुकानातलं, परदेशातून आलेलं मेंढीच्या बरगडीचं चरबट मांस. तिकडे कुणी खात नाही म्हणून इकडे स्वस्त. मासा विकला नाही तर मुलांची शाळा अडे, आणि विकला की ताटात चरबीच. वर साखर घातलेला चहा, कारण दमलेल्या जिवाला तेवढंच सुख.

काही दिवसांनी त्याची बायको फुसी म्हणाली, "पायाला वास येतोय. दवाखान्यात चला."

"पलीकडच्या बेटावर? डिझेल काय तुझा बाप देणार? आणि चर्चच्या मेजवानीची पाळी यंदा आपली."

पाउलियासीच्या लोसा आत्यानं तर विषयच संपवला. "यजमानच खाटेवर पडला, तर लोक म्हणतील देवानं हात काढून घेतला. आधी मेजवानी." आत्याच्या शब्दापुढे इथे भाऊ तोंड उघडत नाही, तिथे भाचा काय उघडणार?

मेजवानी झाली. डुकरं झाली, भाषणं झाली. पाद्रीबाबांनी पाउलियासीच्या श्रद्धेची तारीफ केली, आणि तो रिवाजाप्रमाणे कमरेला गुंडाळलेल्या चटईखाली पाय लपवून मान डोलावत राहिला. माश्या मात्र श्रद्धाळू नव्हत्या. फुसी जेवली नाही, नुसती माश्या वारत बसली.

सगळे पांगल्यावर तिनं आत्याला हाताला धरून आणलं. "आत्या, आता बोलू नका. वास घ्या."

आत्यानं चटई उचलली. वाकून तळवा पाहिला.

"ऊठ," ती म्हणाली.

"आत्या, सोमवारी बघू—"

"मी सांगतेय ना? ऊठ."

त्या पहाटे व्यापाऱ्याची बोट तेवढी निघणार होती. तांडेल कुरकुरला, "जागा नाही. मासा खराब होईल."

"माणूस खराब झालाय, तो आधी ने," फुसी म्हणाली.

शेवटी बर्फाच्या पेट्यांवर चटई टाकून त्याला निजवलं. पाउलियासीचा पाय दुखत नव्हता. तो आकाशाकडे बघत म्हणाला, "फुसी, बाकीचे म्हणतात ते खरं असेल का गं?"

"गप्प पडा," ती म्हणाली. तिच्यात भांडायचंही बळ उरलं नव्हतं.

शहरात त्याचा पाय गुडघ्याखाली कापला.

पाउलियासीला कित्येक वर्षं मधुमेह होता. त्यामुळे तळव्यांची संवेदना गेली होती. दगडावर पाय भाजला होता. त्याला ते कळलं नव्हतं.