धुऱ्यावरची मागणी

“काहून नाही?” एवढं म्हणून काकी चिखलाचा हात कमरेवर ठेवायची. त्यामुळे रोवण्याच्या दिवसांत तिच्या लुगड्यावर कमरेपाशी पाच बोटं कायम उमटलेली असत. कोणी म्हटलं, “असं करत नसतात,” की हात कमरेवर गेलाच. पुढे त्या माणसाने वाद न घालता घरी जावं हे उत्तम.

काकी आमची शेजारीण. सानगडीत आमच्या दोन घरांमध्ये फक्त एक कुंपण होतं, आणि गावच्या नात्याने ती बाबांची वहिनी लागे. धान रोवणाऱ्या बायांची टोळी तिच्या हाताखाली होती. कोणाच्या बांधीत, धानाच्या खाचरात, कधी उतरायचं हे ती ठरवायची आणि मोठमोठे मालक तिची मनधरणी करायचे. तुमच्याही गावात अशी एखादी असेलच. नसेल तर तुमचं गाव फार गरीब म्हणायचं.

ऐंशीच्या आसपासची गोष्ट. मी साकोलीला एसटीने जाऊन-येऊन बारावी पास झाले आणि पुढे भंडाऱ्याला कॉलेजात जाते म्हणाले. बाबांनी मान वरसुद्धा केली नाही. “पोरीच्या जातीनं खोली करून राहाचं नाही,” म्हणाले आणि विषय संपवला. आईने ताटं वाढायला घेतली. मी जेवण सोडून पाहिलं, पण आमच्या घरात उपासाचं कोणाला कौतुक नव्हतं. शेवटी काकीच्या ओट्यावर जाऊन रडले.

“रडून का होते? पेटी भर,” काकी म्हणाली.

“बाबा नाही म्हणून राहिले ना.”

“म्हणू दे. आधी पेटी भर. परवानगीचं मंग पाहू.”

तिने आपली पत्र्याची पेटी रिकामी करून ओट्यावर ठेवली. मग आमच्या घरातल्या वस्तू एकेक करून कुंपणापलीकडे जाऊ लागल्या. तवा गेला, भाताचा गंज गेला, लाखोळीची डाळ गेली, तिखटाचा डबा गेला. मला वाटत होतं की मी चोरी करते आहे. पण एकदा हंडीमागे हात घातला तर डबा आधीच भरून, फडक्यात बांधून ठेवलेला सापडला, तेव्हा आई आमच्यातच आहे हे कळलं. बाबा सकाळी आपली चादर शोधत घरभर फिरायचे. आई म्हणायची, “असेल कोठी तरी,” आणि चुलीत फुंकर घालायची.

स्टोव्ह पेटवायला मला काकीनेच शिकवलं. तिला स्वतःला तो येत नव्हता, ही गोष्ट वेगळी. आम्ही दोघींनी मिळून तिचं छप्पर जवळजवळ जाळलं. भुवयांवरची काजळी पुसत ती म्हणाली, “भंडाऱ्यात जरा बाहेर नेऊन पेटवत जा.”

त्या वर्षी आमचा रोवणा तिच्याच टोळीकडे होता. शेवटच्या दिवशी आमच्याकडे रीत अशी, की मालक धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, आला की बाया चिखलाचे हात घेऊन त्याला घेरतात आणि मागितलेलं कबूल केल्याशिवाय सोडत नाहीत. बहुतेक वेळा बकरं मागतात. या दिवशी नाही म्हटलं तर पिकाला नाट लागते असं सगळे मानत. बाबा तर फारच मानत.

मी पऱ्ह्याच्या, म्हणजे उपटलेल्या धानरोपांच्या, पेंढ्या पोचवत होते. बाबा आले, बायांनी घेरलं. बाबा खुशीत होते.

“घ्या, बकरं घ्या. चिखल नोका लावू, धोतर नवं हाय.”

“बकरं नोको,” काकी म्हणाली.

“मंग का पाह्यजे?”

“पोरगी भंडाऱ्याले धाडा, भाऊजी.”

बाबांचं हसू गेलं. “वहिनी, हे मागाचं नसते.”

“काहून नाही? रोवला आम्ही, मागून राहिलो आम्ही.”

बाबांनी एकेकीकडे पाहिलं. एकीनेही मान खाली घातली नाही. वर्षानुवर्षं आमच्या चिखलात वाकून राबणाऱ्या बाया त्या दिवशी सरळ उभ्या होत्या आणि वाट देत नव्हत्या. बाबांनी नव्या रोवलेल्या धानाकडे पाहिलं, “धाडतो” म्हणाले आणि जोडे हातात घेऊन निघून गेले. मला नाचावंसं वाटलं. बाबांची पाठ पाहून वाईटही वाटलं, पण नाचावंसं जास्त वाटलं हे खरं.

टोळीचं बकरं मात्र गेलं. त्यातली एक म्हातारी मला पुढे कितीतरी वर्षं ऐकवत राहिली, “तुह्यापायी मटन गेलं वो आमचं.” वाट अडवण्यात सगळ्यांत पुढे तीच होती.

दुसऱ्या दिवशी काकी पेटी डोक्यावर घेऊन आली. कुंपणावरून नाही, वळसा घालून समोरच्या दाराने. सगळ्यांत वर बाबांची चादर होती. बाबांनी ती ओळखली आणि तोंड फिरवलं.

पुढच्या वर्षी त्यांनी रोवणा दुसऱ्या टोळीला दिला. काकीशी बोलणंही टाकलं. मी सुट्टीत आले तेव्हा म्हटलं, “काकी, माह्यापायी तुमचं काम गेलं.”

“गावात तुह्या बापाचंच वावर हाय का?” ती म्हणाली. त्या वर्षी तिने आणखी एका मालकाकडे त्याच्या मुलीसाठी तीच मागणी केली. मग लेकी असलेले मालक शेवटच्या दिवशी आजारी पडू लागले. काकी टोळी घेऊन थेट त्यांच्या दारात जायची, तब्येत विचारायला.

ती गेली तेव्हा मी भंडाऱ्यालाच एका शाळेत शिकवत होते आणि रजेवर घरी आले होते. रोवण्याचेच दिवस होते. साधा ताप म्हणता म्हणता सकाळी काकी संपली. मी रडत निरोप घेऊन वावरात गेले. तिथे दुसरी टोळी कामाला लागली होती, बाबा बांधीतच उभे होते. त्यांनी ऐकून घेतलं. मग बायांना म्हणाले, “निंघा बाहेर. आज रोवणा बंद.”

उपटलेल्या पऱ्ह्याच्या पेंढ्या धुऱ्यावर रचून ठेवल्या होत्या. वर ऊन कडक होतं.

“बाबा, पऱ्हे सुकतीन ना,” मी म्हटलं.

“सुकू दे,” बाबा म्हणाले, आणि चिखलाच्या पायांनीच तिच्या घराकडे चालू लागले.