जानरावचा अर्थिंगचा खड्डा

भातकुलीले जानराव नावाचा एक रिटायर चपराशी राहते. वय अडुसष्ट. रोज सकाळी चहाच्या आधी तो अंगणाच्या कोपऱ्यातल्या एका खड्ड्यात दोन बालट्या पाणी ओते. नळ तिथं तिसऱ्या दिवशी येते, अन् विहिरीचं पाणी इतकं खारं की तोंडात घेववत नाई. तरी हा माणूस पिण्याच्या पाण्यातल्या दोन बालट्या जमिनीत घालवे. कोणी विचारलं तं म्हणे, "पोरीचा कंप्युटर याच्यावरच चालते बाप्पा."

हे त्याले मी सांगितलं. अन् हे खोटं हाय.

मी शेखर. अमरावतीले राजापेठेत माझं कंप्युटरचं दुकान हाय, बावीस वर्षं झाली. नवीन मशीन जोडून देतो, जुनी सुधरवतो. हात चांगला हाय, लोकंच म्हणतात. पण तोंड फटकळ. गिऱ्हाइकानं काही बिघडवलं की रस्त्यावरच्या माणसाले ऐकू जाईल असं झापतो. माझ्या हातून काही बिघडू शकते, हे मले कोणी सांगितलंच नव्हतं. जिनं सांगितलं, तिचंच तोंड मी बंद केलं.

ती जानरावची पोरगी, भावना. बी. कॉम. झालेली, सहा महिने माझ्या दुकानात काम शिकायले आली होती. भातकुलीहून रोज एस. टी. नं यायची, अन् कधी उशीर नाई. बापावर गेली होती. जानरावनं एकतीस वर्षं शाळेचं कुलूप उघडलं, घंटा वाजवली, पोरांच्या पिण्याच्या पाण्याची टाकी भरली. शाळेत पहिला कंप्युटर आला तवा त्याले फक्त वरची धूळ पुसायची परवानगी होती. "एकतीस वर्षांत एक बटन दाबलं नाई म्या," असं तो हसून सांगे. त्याची पोरगी आता कंप्युटर उघडून त्याचे भाग हातात घेते, याचं त्याले इतकं कौतुक होतं की भेटंल त्याले सांगत फिरे.

भावनाले गावात ऑनलाइन फॉर्म भरायचं सेंटर टाकायचं होतं. मुहूर्त बापानं ठरवलेला, चौदा एप्रिल, जयंतीचा दिवस. मशीन माझ्याच दुकानात जोडली. लोखंडी कॅबिनेटमध्ये मदरबोर्ड बसवाचा असला की खाली पितळी खुंट्या लावतात, बोर्ड पत्र्याले टेकू नये म्हणून. जिथं बोर्डाले भोक, तिथंच खुंटी पाहिजे; जास्तीची राहिली तं तीच बोर्डाले टेकते अन् मशीन बंद पडते. मी घाईत होतो. भावना वाकून पाहून राहिली होती.

"सर, बोर्डाले भोकं सहा हायेत," ती म्हणाली. "खुंट्या सात दिसून राहिल्या."

दुकानात दोन गिऱ्हाइकं उभी होती. त्यायच्या समोर कालची पोरगी मले मोजून दाखवते म्हणजे काय!

"तू मले शिकवून राहिली का?" मी म्हटलं. "बावीस वर्षं मी काय इथं गोट्या खेळलो?"

ती मागं सरली. मी बोर्ड बसवला, स्क्रू आवळले, बटण दाबलं. मशीन चालू झाली. मी तिच्याकडे असं पाहिलं, की पाहून घे आता. त्याच दिवशी जानराव न्यायले आला, अन् बाप-लेक खोकं मांडीवर घेऊन एस. टी. नं गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळीच तिचा फोन. मशीन दोन सेकंद चालते अन् बंद पडते.

मी भातकुलीले गेलो. घरात नवीन कंप्युटर आला म्हणून शेजारची मंडळी जमलेली. पार्बताबाई नावाची म्हातारी तं पहिल्या रांगेत खुर्ची टाकून बसली होती. मी कॅबिनेट आडवं केलं, रॅमची पट्टी काढली, खोडरबरनं तिचे सोनेरी दात घासले, परत बसवली. मशीन चालू झाली. लोकं खुश. कॅबिनेट उभं केलं, की धप, बंद. पुन्हा आडवं, चालू. पुन्हा उभं, बंद. वायर बदलली, बोर्डावरचा सेल काढून लावला, दुकानातून नेलेला दुसरा एस. एम. पी. एस., म्हणजे वीज पुरवणारा डबा, जोडून पाहिला. तेच.

आडवं केल्यावर चालते अन् उभं केल्यावर बंद पडते, म्हणजे आत काहीतरी टेकून राहिलं, हे शिकाऊ पोरगंही सांगंल. पण इतकी लोकं समोर बसली असताना माझ्या डोक्यात एकच चालू होतं, की नाव खराब झालं नाई पाहिजे.

"रात्री उघडलं होतं का तू हे?" मी भावनाले विचारलं.

"नाई सर. हातही नाई लावला."

"हात लावल्याशिवाय असं होतच नाई. अर्धवट शिकलं की हेच होते. दुकानात चालू मशीन दिली होती मी." हे मी सगळ्यायसमोर म्हटलं. पार्बताबाईनं तोंडाले पदर लावला. भावनाच्या हातात स्क्रू खोलायचा पेचकस होता, तो तिनं टेबलावर ठेवून दिला. मी पाहिलं ते. मले काहीच वाटलं नाई तवा.

मंग मी भिंतीतल्या सॉकेटात टेस्टर घातला. घराले अर्थिंग नव्हतं. गावात अर्ध्या घरांले नसते. माझ्या हाती कारण सापडलं. "हे पाहा काका," मी जानरावले म्हटलं, "अर्थिंग नाई तं मशीन कशी टिकंल? सहा फूट खड्डा करा, आत तांब्याची पट्टी, मीठ अन् कोळसा टाका, मंग मले बोलवा."

"मीठ?" जानराव म्हणाला. "आमच्या मातीत काय कमी हाय?" लोकं हसले. पण दुसऱ्या दिवशी त्यानं सब्बल हाती घेतली.

एप्रिलचं ऊन तुमाले मालूम हाय. काळी माती वाळून गोट्यासारखी झालेली. मजूर लावा म्हटलं तं त्यानं ऐकलं नाई. पोरीच्या मशीनचं काम हाय, म्या करतो, म्हणे. सहा दिवस हा माणूस सकाळ-संध्याकाळ खणत होता. मी बारा तारखेले गेलो तवा त्याच्या दोन्ही तळहातांवर फोड फुटून चिंध्या बांधलेल्या होत्या. वायरमननं पट्टी टाकून वायर आत आणली होती. मी बटण दाबलं. दोन सेकंद, अन् बंद.

जानरावचं तोंड उतरलं. जयंतीले दोन दिवस. गावात सगळ्यायले सांगून झालेलं. "सर, माहा खड्डा कमी पडला का?" त्यानं मलेच विचारलं.

मी म्हटलं, "खड्डा कोरडा हाय काका. तुमी सगळे जा, त्यात पाणी टाका. पाच-सहा बालट्या. मी आवाज देतो."

ते सगळे बाहेर गेले. मी बोर्ड काढला. खाली मधोमध सातवी खुंटी उभी होती. बोर्डाच्या पाठीवर तिचा बारीक चट्टा उमटला होता. बसच्या धक्क्यांनं अजूनच टेकली असंल. पोरीनं दुकानात बरोबर मोजलं होतं.

मी खुंटी काढली अन् खिशात टाकली. बोर्ड बसवला, कॅबिनेट उभं केलं, बटण दाबलं. चालू. बाहेरून बालट्यांचा आवाज येत होता. मी दारात जाऊन म्हटलं, "झालं काका. पाणी लागलं अन् मशीन चालू झाली."

जानरावनं चिंध्या बांधलेल्या हातांनं मले हात जोडले. मले तवाच बोलाले पाहिजे होतं. भावना स्क्रीनकडे पाहत होती. मी जेवून निघालो. वर त्याले सांगून आलो, की खड्डा ओला ठेवत जा.

सेंटर चौदा तारखेले उघडलं, चाललंही चांगलं. पण भावनानं त्यानंतर कोणतीही मशीन उघडली नाई. गावातलं कोणाचं बिघडलं की ती चादरीत बांधून माझ्याकडे धाडे. स्वतःच्या मशीनची धूळ झाडायलेही मलेच फोन करे. मी कामं घेत होतो. ती खुंटी पाकिटात ठेवली होती, फेकवतही नव्हती अन् दाखवतही नव्हती.

चौदा महिन्यांनी असाच धूळ झाडायले गेलो. जानराव खाटेवर बसलेला, हर्नियाचं ऑपरेशन झालेलं. "बरं झालं सर आले," तो म्हणाला. "डॉक्टरनं वजन उचलाले मना केलं. भावनाले सकाळपासून सेंटरातून उठाले सवड नाई. तेवढ्या दोन बालट्या खड्ड्यात टाका ना. खाऱ्या पाण्याच्या नका टाकू, त्या माठाजवळच्या. खाऱ्यानं मशीन खराब व्हायची."

मी बालट्या उचलल्या. पहिली ओतली. दुसरी माझ्यानं ओतवली नाई. बालटी खाली ठेवली अन् खाटेजवळ जमिनीवर बसून सगळं सांगितलं. पाकिटातून खुंटी काढून त्याच्या हातावर ठेवली.

जानरावनं ती खुंटी उजेडात धरून पाहिली. जेमतेम हरभऱ्याच्या दाण्याएवढी वस्तू.

"खड्ड्याचं काई नाई सर," तो म्हणाला. "उन्हात खनलं, हाडं मोकळी झाली. अर्थिंगही घराले पाहिजेच होतं म्हनतात. पन माह्या पोरीले काहून बोलले तुमी?"

मी बालटीची कडी चाचपत बसलो.

"ती त्या दिवशी जेवली नाई. म्या म्हनलं, सर मोठा मानूस हाय, तूच काही दाबलं असंल. म्याही तिलेच बोललो." त्यानं खुंटी माझ्या हातात परत दिली. "मले सांगून काय फायदा? चार जनांसमोर बोलले होते. चार जनांसमोर सांगा."

सेंटर घराच्या पुढच्या खोलीतच होतं. सात-आठ माणसं फॉर्म घेऊन बसलेली, पार्बताबाईही त्यात. कोपऱ्यात चादरीत बांधलेलं कोणाचं तरी कॅबिनेट, माझ्याकडे न्यायसाठी ठेवलेलं. मी दारात उभा राहिलो अन् सांगितलं. आवाज बारीक निघाला. मागच्या माणसानं "काय म्हणून राहिले?" असं विचारलं, म्हणून पुन्हा पहिल्यापासून सांगा लागलं. चूक माझी होती. भावनानं मशीनले हात लावला नव्हता. तिनं आधीच सांगितलं होतं अन् मी तिले झापलं. मशीन पाण्यानं नाई, खुंटी काढल्यानं चालू झाली.

पार्बताबाई माझ्याकडे पाहत होती, या बारीले तोंडाले पदर नव्हता.

भावनानं हात पुढं केला. मी खुंटी दिली. तिनं ती बोटांत फिरवून पाहिली अन् कीबोर्डजवळ उभी करून ठेवली.

"सहा अन् सात," ती म्हणाली. "मले वाटे, मलेच मोजता येत नाई."

मंग तिनं पार्बताबाईच्या हातातला कागद घेतला अन् टाइप करू लागली. काय करावं सुचेना म्हणून मी कोपऱ्यातलं गाठोडं उचलाले वाकलो.

"ते राहू द्या सर," ती स्क्रीनवरून नजर न काढता म्हणाली. "ते मी उघडीन."